निंकेला पोहता येतं

आक्रुम, फ्रीसलंड
५ एप्रिल १९९४

विहीणबाई,

पत्र पाहून दचकू नका, कुणी गेलेलं नाही. फोनवर तुम्ही मला एक वाक्य पुरं करू देत नाही. शिवाय आमचा फोन बैठकीच्या खोलीत, आणि तिथे आमचे हे कान टवकारून बसलेले असतात. म्हणून आपलं कागदावर.

मुद्द्याचं बोलते. जुलैच्या शेवटी तुमची मारिएल बाळंत होणार. तेव्हाचे तीन आठवडे आपल्या नातीनं, निंकेनं, माझ्याकडे राहायचं, असं परवा ईस्टरला सगळ्यांसमोर ठरलं. तुम्ही अंडी रंगवत होतात, तोंडातून अक्षर काढलं नाहीत. आणि काल लेकीला फोन करून रडलात म्हणे. डाउवेनं सांगितलं. माझा मुलगा खोटं बोलत नाही, निदान माझ्याशी तरी नाही. रडायला झालं काय? पोर आमर्सफोर्टहून तुमच्याकडे महिन्याला येते. माझ्याकडे वर्षातून चारदा. मी मोजते.

सूनबाईंची अट मला मान्य आहे. आमच्या मागच्या दारातून सहा पावलं टाकली की लाकडी धक्का, आणि धक्का संपला की कालवा. कुंपण नाही. आमच्या ह्यांच्यासारख्या जन्मभर बोटी बांधणाऱ्या माणसानं पाण्याला कुंपण घातलं तर गाव हसेल. म्हणून मारिएल म्हणाली, ‘पोहण्याचा ए डिप्लोमा मिळाला तर बेप्पेकडे, नाही मिळाला तर ओमाकडे.’ म्हणजे माझ्याकडे, नाहीतर तुमच्याकडे. रास्त आहे. अठरा जूनला, शनिवारी, परीक्षा. अंगात कपडे, पायात बूट, आणि पाण्यात सोडलेल्या ताडपत्रीच्या भोकातून पलीकडे. निंके मला फोनवर म्हणाली, ‘बेप्पे, मी माशासारखी पोहते. भोकातून तर डोळे उघडे ठेवून जाते.’ पाच वर्षांची पोर. आमच्या घराण्यात सगळे असेच.

तेव्हा डोळे पुसा आणि बाळासाठी काहीतरी विणायला घ्या. ऑगस्टमध्ये निंकेला बघायला या हवं तर. साखरेचा पाव करीन.

बाउक्ये


बॉक्सटेल, ब्राबांट
१४ एप्रिल

बाउक्येबाई,

पत्र मिळालं. किती ठसठशीत अक्षर तुमचं, अगदी खिळे ठोकल्यासारखं.

मी रडले नव्हते. मला सर्दी झाली होती.

काल बुधवार, म्हणून आमर्सफोर्टला गेले होते. शाळा अर्धा दिवस. मी लवकर पोचले तर बाईंनी मला वर्गात मागे एका बुटक्या खुर्चीवर बसू दिलं. विद्यापीठातली एक मुलगी आली होती, हातात चित्रांची चळत. एकेका पोराला समोर बसवून दोन चित्रं दाखवायची आणि विचारायची, ‘ही मुलगी चेंडू छान झेलते. हिला तेवढा जमत नाही. तू कुणासारखी?’ आपली निंके प्रश्न पुरा व्हायच्या आत बोट ठेवून मोकळी. चेंडू? छान. लंगडी? छान. उडी, फेक, धावणं? छान, छान, छान. मग सगळ्यांना व्यायामशाळेत नेलं. निंकेनं पाचातला एक चेंडू झेलला, तोही पोटावर अडकला म्हणून. लंगडी घालताना बाकावर आदळली. धावली मात्र सुरेख, सगळ्यांच्या पुढे. ते घराणं आमचं.

मी त्या मुलीला गाठून विचारलं, पोर खोटं का बोलते? ती म्हणाली, ‘खोटं नाही हो. या वयात बहुतेकांना आपल्याला सगळं येतं असंच वाटतं. वाटतं म्हणून तर पुन्हा पुन्हा करून बघतात, आणि बघता बघता येतं. सात-आठ वर्षांची झाली की शेजारच्याकडे बघायला लागतात.’ मी म्हटलं, ‘आणि साठीतल्या बायका?’ ती हसली. मी तुमचाच विचार करत होते.

दुपारी पोहण्याची शिकवणी. महिन्यातून एकदा घरच्यांना काचेमागून बघू देतात, तो नेमका कालचा दिवस. तुमचा मासा पाठीला फोम बांधून उथळ पाण्यात होता, दहा पोरांत दहावा. पोहणं शिकवणारा हातात हुकाची लांब काठी घेऊन काठाने चालतो. ती काठी दर दोन मिनिटांनी निंकेसमोर. ताडपत्री खोल तलावात असते, तिथे ती अजून गेलेलीच नाही. शिकवणारा म्हणाला, ‘जून? नोव्हेंबर म्हणा.’

मी पोरीला एक शब्द बोलले नाही. उलट बाहेर आल्यावर तिनं विचारलं, ‘ओमा, बघितलंस ना मी कशी पोहते?’ तर मी तिला सॉसेजचा पाव दिला.

तुमच्या साखरेच्या पावाबद्दल आभार. ऑगस्टमध्ये मी घरीच असेन. निंके असेल ना इथे.

तोस


आक्रुम
२० एप्रिल

विहीणबाई,

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण ऐकली होती. पण आपल्याच नातीला कार्टं ठरवणारी आजी पहिल्यांदा पाहिली. काचेमागे बसून पोरीच्या चुका मोजत होतात? मी असते तर तिच्याकडे बघून हात हलवला असता.

सांगूनच टाकते, तुमचं पत्र वाचून माझ्या पोटात दुखलं. दहावी आली म्हणून नाही. तुम्ही तिथे होतात म्हणून. बुधवार तुमचे, काच तुमची, शाळेतली बुटकी खुर्चीसुद्धा तुमची. मला ती फोनवर पाच मिनिटं मिळते, आणि त्या पाच मिनिटांत ती सांगते की तिला सगळं येतं. मी का विश्वास ठेवू नये?

मे महिन्याच्या सुट्टीत डाउवे तिला घेऊन पाच दिवस इथे येतोय. तो सोबत आहे म्हणजे अट मोडत नाही. तिला काय येतं आणि काय नाही, ते माझं मी बघीन.

बाउक्ये


आक्रुम
७ मे

विहीणबाई,

निंके परवा गेली. सगळं उत्तम. वारा फार होता. तिचा उजवा बूट हरवला, मी नवी जोडी घेऊन दिली. मारिएलनं विचारलं तर पैसे द्यायला सांगू नका.

नोव्हेंबरचं म्हणत होतात. घाई नकोच म्हणा.

बाउक्ये


बॉक्सटेल
१६ मे

बाउक्येबाई,

तुमचं सहा ओळींचं पत्र वाचलं तेव्हाच म्हटलं, या बाईला एवढी नम्रता कुठून आली.

येशूच्या स्वर्गारोहणाच्या सुट्टीला निंके चार दिवस माझ्याकडे होती. शुक्रवारी टबमध्ये बसली होती, मी केस धूत होते. म्हणाली, ‘ओमा, मी बेप्पेच्या कालव्यात पोहले. कोट घालून. मग बेप्पेनं मला काठीच्या हुकानं धरलं. पण सांगायचं नाही, आमचं गुपित आहे.’

माझे हात साबणात तसेच राहिले. मी विचारलं, किती वेळ पोहलीस? म्हणाली, ‘खूप. खाली हिरवं होतं.’

बाई, खाली हिरवं होतं.

मग मी तिला खरं काय ते सांगितलं. कुणीतरी सांगायलाच हवं होतं. म्हटलं, ‘तू पोहली नाहीस, तू बुडत होतीस. तुला पोहता येत नाही. तुझ्या पोहण्याच्या वर्गात दहा मुलं आहेत, त्यात तू शेवटची आहेस. चेंडूही तुला झेलता येत नाही, मी बघितलंय.’ केस धुऊन झाले, ती जेवली, झोपली. ऐकणारी पोर आहे.

मी मारिएलला अजून कळवलेलं नाही. सातव्या महिन्यात तिला हा धक्का नको. तेव्हा तुम्हीच तिला लिहा की यंदा उन्हाळ्यात जमणार नाही. गुडघा दुखतो म्हणा. तुम्ही लिहिलंत तर मी गप्प. आणि पुढच्या उन्हाळ्याचं पुढच्या उन्हाळ्यात बघू.

तोस


आक्रुम
२१ मे

विहीणबाई,

लिहिलं सुनेला. गुडघा दुखतो म्हणून. तिनं मलम पाठवलं.

जिंकलात. पण अर्धवट ऐकून जिंकू नका. सगळं ऐका, कारण हे मी दुसऱ्या कुणाला सांगू शकत नाही.

तीन तारखेची दुपार. डाउवे त्याच्या बाबांबरोबर लाकूड आणायला गेला होता. मी मागच्या दारात बटाटे सोलत होते, निंके धक्क्यावर. तिनं विचारलं, ‘बेप्पे, पोहून दाखवू?’ मी मान वर न करता म्हटलं, ‘तुला काय गं, तू मासाच आहेस.’ मला वाटलं, गप्पा चालल्या आहेत. मग आवाज आला. मोठा नाही, बादली ओतल्यासारखा.

तिनं माझं ऐकलं हो. तिनं विचारलं होतं आणि मी हो म्हटलं होतं.

बोटीचा हूक दारामागेच असतो. पहिल्यांदा मारला तो चुकला. दुसऱ्यांदा कोटाच्या टोपीत अडकला. ओढून वर घेतली तर खोकली, ओकली आणि मग म्हणाली, ‘बघितलंस?’ तिच्या तोंडावर आनंद होता. मी तिला पोटाशी धरून चुलीपाशी बसले आणि गुपित ठेवायला सांगितलं. पाच वर्षांच्या पोरीला मी खोटं शिकवलं. उजवा बूट कालव्यात गेला, डावा माझ्या कपाटात आहे. रोज काढून बघते.

तुमच्या काचेचा मला एवढा जळफळाट झाला होता की मला तिला मासाच करायचं होतं. तिच्यासाठी नाही. तुम्हाला दाखवायला.

घ्या तुमचे तीन आठवडे.

बाउक्ये


बॉक्सटेल
९ जून

बाउक्येबाई,

तुमच्या पत्राला लगेच उत्तर दिलं नाही. आज लिहिते आहे ते तुम्हाला आवडणार नाही, आणि मला तर त्याहून नाही.

निंके पाण्यात जात नाही. पोहायला जाते, कपडे बदलते, काठावर बसून राहते. पायसुद्धा आत सोडत नाही. मागच्या शनिवारी इथे आली तेव्हा मी चेंडू हळूच टाकला, तर तिनं दोन्ही हात पाठीमागे नेले. चेंडू छातीला लागून पडला. ‘मला येत नाही’ म्हणाली. रडली नाही, चिडली नाही. दुकानदार ‘पाव संपले’ म्हणतो ना, तसं सांगितलं. माझ्या घरचा जिना ती आता बसून उतरते.

ती विद्यापीठातली मुलगी परत आली होती. तीच चित्रं. या खेपेला निंकेनं प्रत्येक वेळी दुसऱ्या चित्रावर बोट ठेवलं. चेंडू, लंगडी, उडी. धावणंसुद्धा, बाउक्येबाई. धावण्यात ती वर्गात पहिली आहे. व्यायामशाळेत तिनं धावून बघायलाही नकार दिला. त्या मुलीनं मारिएलला विचारलं, घरी काही झालंय का? मारिएल म्हणाली, बाळ येणार म्हणून असेल. मी शेजारी बसले होते. मी कॉफी ढवळत राहिले.

तुम्ही खरं लिहिलंत, मीही लिहिते. तिनं टबमध्ये ते सांगितलं तेव्हा माझा जीव घाबरा झाला. पण त्याच्या खालोखाल मला बरं वाटलं. तुम्ही हरलात म्हणून. वर्षानुवर्षं ती माझ्याकडे येते, माझा पाव खाते आणि बोलते कशाबद्दल? बेप्पेची बोट, बेप्पेचा कालवा, बेप्पे म्हणते मी मासा आहे. मी तिचे मोजे धुणारी. त्या दिवशी तिला जे बोलले ते तुम्हाला बोलले. ऐकलं तिनं.

देवळात मेणबत्ती लावली. पण मारियामातेला पोहायला शिकवता येईलसं वाटत नाही. तुम्ही तिला काय म्हणायचात, की ती बिनधास्त उडी मारायची? मला सांगा. मी तसंच म्हणीन.

तोस


आक्रुम
१३ जून

विहीणबाई,

तुमचं पत्र वाचून मी ते चुलीत टाकायला उठले होते. आमच्या ह्यांनी हात धरला. आता त्यांना सगळं माहीत आहे.

माझे शब्द मागू नका. माझ्या शब्दांनी ती कालव्यात गेली आणि तुमच्या शब्दांनी काठावर बसली. आता तिला तुम्ही मासा म्हणालात तर ती विश्वास ठेवणार नाही. मी म्हणाले तरीही नाही. तुमच्यामुळे.

काल रात्री सुनेला फोन केला आणि धक्क्यावरचं सगळं सांगितलं. हूक, बूट, गुपित, सगळं. ती म्हणाली, ‘आई, आता काही दिवस फोन करू नका.’ तेव्हा तुम्ही मला ज्या खुंटीला टांगलं होतं ती आता राहिली नाही. मी काही साधुसंत झाले नाही. पोर कशाला घाबरते हे आईला माहीत नसलं तर ती बाळाला दोष देत बसेल, आणि ते बाळ अजून जन्मायचंय. तुमच्या टबमधलं मी सांगितलेलं नाही. ते तुमचं.

आता ऐका. डाउवे-मारिएलच्या लग्नात आपण सगळे आमच्या बोटीत बसलो होतो. तुम्ही मधोमध बसला होतात, दोन्ही हातांनी बाक धरून. चर्चची टोपी घातलेली आणि त्यावरून जीवरक्षक जाकीट. तेव्हा आम्ही फ्रीसलंडवाले पोट धरून हसलो होतो. तुम्हाला पोहता येत नाही, तोसबाई. कधीच आलं नाही.

ते तिला सांगा. नुसतं सांगू नका, पाण्यात उतरा. तिच्यापेक्षा जास्त घाबरणारं कुणीतरी तिला दिसलं पाहिजे, आणि ते करून दाखवायला तुमच्याइतकं योग्य माणूस अख्ख्या हॉलंडात सापडायचं नाही.

हे लिहिताना माझा हात जड झालाय. कारण हे जमलं तर ती तुमची होईल. मी इथे बसून फोनकडे बघत राहीन.

बाउक्ये


बॉक्सटेल
१४ ऑगस्ट

बाउक्येबाई,

बाळ गोड आहे, तुमच्या ह्यांचं नाक घेऊन आलंय बिचारं. डाउवेनं फोटो पाठवले असतीलच.

निंके उद्या घरी जाते. तीन आठवडे कसे गेले ते तुम्हाला सांगणं भाग आहे, कल्पना तुमची होती.

बाजारातून निळा पोहण्याचा पोशाख घेतला. बासष्टाव्या वर्षी. आमच्या लहानपणी ननबाई म्हणायच्या, मुलींनी पाण्यात गुडघ्यापर्यंतच जावं. मी आजवर ते पाळलं. पहिल्या दिवशी गावच्या तलावावर निंके कपडे घालून बाकावर बसली आणि मी शिडीला धरून एकेक पायरी उतरले. पाणी पोटाला लागलं तेव्हा माझ्या तोंडून जे निघालं ते देवळात सांगता येणार नाही. ती बघत होती. ‘ओमा, तुला येतं?’ ‘नाही.’ ‘थोडंसुद्धा?’ ‘थोडंसुद्धा नाही.’ तिचा विश्वास बसेना. मोठ्या माणसांना सगळं येतं असं तिला वाटत होतं.

चार दिवस मी एकटीच. गावातल्या पोरांनी मला नाव ठेवलं, पाणघोडी. पाचव्या दिवशी निंके काठाशी आली आणि म्हणाली, ‘ओमा, पाय बेडकासारखे करायचे. आधी जवळ, मग फाकवायचे, मग मिटायचे.’ मी केले. ‘नाही, तू उलटं करतेस.’ मी पुन्हा केले. त्या दिवशी क्षणभर माझे दोन्ही पाय तळापासून सुटले, शपथ घेऊन सांगते.

घरी आल्यावर तिनं कागदावर दोन चित्रं काढली. एक बाई पाण्यावर, एक बाई पाण्याखाली. माझ्यासमोर ठेवली. ‘ओमा, तू कुणासारखी?’ मी न थांबता वरच्या बाईवर बोट ठेवलं. मला तसंच वाटत होतं हो. तिनं माझं बोट उचललं आणि खालच्या बाईवर ठेवलं. ‘तू ही. पण उद्या परत विचारीन.’

दुसऱ्या दिवशी ती पाण्यात उतरली. माझी हनुवटी धरायला. कुणीतरी धरायला हवीच होती, म्हणाली.

काल मी तीच चित्रं तिच्यापुढे ठेवली. तिनं खूप विचार केला आणि दोन्हींच्या मधल्या कोऱ्या जागेवर बोट टेकवलं. ‘मी इथे. हिचं चित्र अजून काढायचंय.’

मारिएल तिला न्यायला आजच येऊन राहिली आहे. टबमधलं तिला सांगितलं. ती माझ्यावर जेवढी चिडली तेवढी तुमच्यावरसुद्धा चिडली नसेल. आता आपण दोघी एकाच बाकावर.

ती माझी होईल असं तुम्ही लिहिलं होतंत. तीन आठवडे ती माझी हनुवटी धरून तुमच्याबद्दलच बोलत होती.

तोस


बॉक्सटेल
२१ नोव्हेंबर

बाउक्येबाई,

गुडघ्याचं निमित्त सांगितलंत आणि शेवटी गुडघ्यानंच धरलं. ओल्या धक्क्यावरून घसरायचं काय वय आहे का तुमचं? प्लास्टर कधी निघणार ते कळवा. तुम्ही परवा येऊ शकला नाहीत म्हणून मी हे लिहिते आहे. नाहीतर न लिहिण्याचा विचार माझ्या मनात येऊन गेला होता. एखादी गोष्ट फक्त माझीच राहिली असती.

निंकेला ए डिप्लोमा मिळाला. अठरा मुलं होती, ती वेगात अकरावी. पण मोजलं फक्त मी, आणि माझं तोंड बंद होतं. लांब बाह्यांचा शर्ट, पँट, जुने बूट. ताडपत्रीपाशी ती थांबली. शिकवणाऱ्यानं काठी पुढे केली. तिनं काठीकडे बघितलं, मान हलवली, श्वास घेतला आणि खाली गेली. मी वर गॅलरीत डाउवेच्या दंडाला नखं लावली होती. मग भोकाच्या पलीकडे तिचं डोकं निघालं. डोळे उघडे की मिटलेले, ते मला सांगता येणार नाही. माझे मिटले होते.

बाहेर आल्यावर तिनं वर बघितलं. मी दोन्ही हात हलवत होते. ती माझ्यापाशी धावत आली, ओली गच्च, आणि पहिलं वाक्य काय बोलली? ‘बेप्पेला कोण सांगणार?’

मला जळल्यासारखं झालं, लपवत नाही. सबंध उन्हाळा मी पाणी गिळलं आणि विचारपूस तुमची. म्हटलं, मी सांगीन. म्हणून आज हे पत्र.

केक खाताना मारिएल म्हणाली, ‘पुढच्या उन्हाळ्यात बेप्पेकडे जायला हरकत नाही. दिलेला शब्द तो शब्द.’ मी पटकन म्हटलं, ‘मग मीही येते सोबतीला.’ निंकेनं चमचा खाली ठेवला. ‘ओमा, तुला नाही येता येणार. बेप्पेच्या घरी पाणी आहे, आणि तुझ्याकडे डिप्लोमा नाही.’ तिनं समजावलं मला, हळूच, मन दुखावणार नाही असं.

तेव्हा गुरुवारी संध्याकाळी मोठ्यांच्या शिकवणीत नाव घातलंय. आम्ही सहा जण आहोत, मी सहावी. शिकवणारी म्हणते, जुलैपर्यंत कठीण आहे. मला विचाराल तर मला मे महिन्यातच येईल.

तोस


आक्रुम
२ डिसेंबर

विहीणबाई,

पत्र तीनदा वाचलं. पलीकडे डोकं निघालं तो भाग पाच वेळा. मी तिथे नव्हते आणि तुम्ही होतात, याचं मला मरेपर्यंत वाईट वाटत राहणार. तरी तुम्ही लिहिलंत. मी असते तर लिहिलं असतं की नाही, सांगता येत नाही.

डावा बूट निंकेला पाठवला आहे. डिप्लोमाशेजारी भिंतीवर लावायचा म्हणते.

जुलैत या. तुम्हाला मे महिन्यात पोहता येईल असं तुम्हाला वाटतं, ते मी वाचलं. मी एकदा अशाच बोलण्याला मान वर न करता हो म्हटलं होतं. आता म्हणणार नाही.

आमच्या ह्यांनी गेल्या शनिवारी धक्क्यापाशी कुंपण घातलं. कमरेएवढं, हिरवं, दाराला कडी. निंकेसाठी नाही, तिच्याकडे डिप्लोमा आहे. तुमच्यासाठी. गाव हसतंय.

बाउक्ये